समजदार पोरीला कोण विचारतं?

तुमची सहयोगिनी तिवस्याहून बोलते आहे. दर वेळी मी इथं हप्ते, व्याज, बँकेचं कर्ज नाहीतर गटाच्या वहीचं बोलते. आज कार्टूनच्या पिक्चरवर बोलणार आहे. हसू नका. दिवाळीच्या सुट्टीत लेकरांसाठी म्हणून एक पिक्चर लावला होता आणि त्यानं आम्हा मोठ्या बायांनाच गप्प बसवलं. कसं, ते सांगते.

माझा भाचा पुण्याला शिकतो. तो लॅपटॉप घेऊन आला होता. रात्री जेवणं झाली की गल्लीतली लेकरं आमच्या ओसरीवर जमायची. दिवसभर कापूस वेचून आलेल्या दोन-चार बायाही टेकायच्या. माझी आई खाटेवर असायचीच. भाच्यानं नेटफ्लिक्सवर एक जपानी पिक्चर लावला, ‘माय नेबर तोतोरो’. म्हणजे ‘माझा शेजारी तोतोरो’. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. भाचा ती वाचायचा आणि वऱ्हाडीतून सांगायचा. त्यामुळे जपानची आजी बोलायला लागली की ती आमच्या शेजारच्या वाड्यातलीच वाटायची.

गोष्ट तशी साधी. १९५० नंतरच्या काळातलं जपानमधलं एक खेडं. भाताची बांधी, पांदण, ओढा. एक बाप आपल्या दोन पोरींना घेऊन तिथल्या जुन्या घरात राहायला येतो. तो शहरात विद्यापीठात नोकरीला आहे. मोठी पोरगी सात्सुकी, दहा-बारा वर्षांची. धाकटी मेई, चार वर्षांची. आई दवाखान्यात आहे, बऱ्याच दिवसांपासून. आजाराचं नाव पिक्चरमध्ये कोणी घेत नाही. घरामागे जंगल आहे आणि जंगलात कापराचं एक प्रचंड झाड. त्या झाडाच्या ढोलीत तोतोरो राहतो. तो कसा दिसतो म्हणाल तर थोडा घुबडासारखा, थोडा सशासारखा, थोडा अस्वलासारखा आणि घराएवढा मोठा. त्याच्या पोटावर लेकरू लोळलं तर गादीसारखं आत जातं. शिवाय घरात काजळीचे काळे काळे गोळे पळतात आणि एक बस आहे, ती बस म्हणजे बारा पायांची मांजर! आमची लेकरं हसून हसून लोळली.

पण मला सांगायचं आहे ते दुसरंच. हा पिक्चर हसवता हसवता मध्येच छातीवर हात ठेवतो. आणि तो रडकी गाणी वाजवून, कोणाला मारून रडवत नाही. आपण ‘श्यामची आई’ पाहिलेला आहे. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला. त्यात आई जाते आणि सगळं घर, सगळं थिएटर रडतं. तोतोरोमध्ये आई जात नाही. बराच वेळ कोणी मोठ्यानं रडतसुद्धा नाही. तरी दुःख घरात बसून असतं, जसं आजारी माणसाच्या घरात बसून असतं. चूल पेटते, भांडी घासली जातात, पोरं शाळेत जातात, आणि ते कोपऱ्यात असतंच.

एक सकाळ दाखवली आहे. बाप उशिरापर्यंत झोपलेला. उठून पाहतो तर सात्सुकीनं चूल पेटवून, मासे भाजून तिघांचे डबे भरलेले. बापाचा, मेईचा आणि स्वतःचा. मेई डबा पाहून उड्या मारते. पाहणाऱ्याला वाटतं, किती गोड पोरगी! आमच्या ओसरीवरही एक बाई म्हणाली, "किती समजदार हाय पोट्टी." मीही मान हलवली. तेव्हा मला माहीत नव्हतं की हाच शब्द पुढं माझ्याच अंगावर येणार आहे.

मग दवाखान्यातली भेट. एकाच सायकलवर तिघं बसून जातात. मेई आईला बिलगते, बडबडते. सात्सुकी जरा दूर उभी राहते, कारण ती मोठी आहे. मग आई तिला जवळ बसवून तिचे केस विंचरते. बस, एवढंच. पण त्या पोरीचा चेहरा पाहा. इतके दिवस ती मेईचं सगळं करत होती. तिच्या डोक्यावरून कोणाचा हात फिरला नव्हता, तो पहिल्यांदा फिरतो. परत येताना बाप म्हणतो की आई लवकरच घरी येईल. मेई लगेच विचारते, उद्या का? चार वर्षांच्या लेकराला ‘लवकर’ म्हणजे उद्याच. मैत्रिणींनो, आपण किती सहज सांगतो, "येईन बाळा उद्या." ते उद्या लेकरू बोटावर मोजत बसतं.

आता तोतोरो कधी येतो, ते नीट पाहण्यासारखं आहे. मेईला तो पहिल्यांदा भेटतो तेव्हा बाप कामात डोकं घालून बसलेला असतो आणि ताई शाळेत. मेई एकटी असते. दुसऱ्यांदा भेटतो तो बस थांब्यावर. पाऊस पडतो आहे, अंधार झाला आहे. बाप छत्री न घेता गेला म्हणून दोघी बहिणी छत्री घेऊन उभ्या आहेत. बस येते, त्यातून बाप उतरत नाही. मेईला झोप येते. सात्सुकी तिला पाठीवर घेते आणि एका हातानं छत्री धरून उभी राहते. आपल्याकडे हायवेच्या फाट्यावर एसटीची वाट पाहताना असं कितीतरी वेळा झालं असेल, पण आपण मोठ्या असतो. ती लहान आहे, तिच्या पाठीवर दुसरं लहान आहे आणि येणारं माणूस आलेलं नाही. नेमका तेव्हा तोतोरो शेजारी येऊन उभा राहतो, डोक्यावर एक पान ठेवून. ती त्याला बापाची छत्री देते. छत्रीवर टपटप थेंब पडले की तो खूश होतो. लेकरं हसतात.

म्हणजे मोठं माणूस जिथं असायला हवं होतं आणि नव्हतं, त्या रिकाम्या जागी तोतोरो उभा राहतो. ही गंमत फुकटची नाही. लेकरू एकटं पडलं की मनातल्या मनात कोणीतरी तयार करतं. कोणाचा तोतोरो असतो, कोणाची बाहुली, कोणाची गोठ्यातली कालवड. मी लहानपणी आमच्या शेळीशी बोलायची. ती ऐकायची असं मला खरंच वाटायचं.

हा पिक्चर हायाओ मियाझाकी यांनी केला. त्यांचा जन्म १९४१ सालचा. ते साधारण सहा वर्षांचे असताना त्यांच्या आईला मणक्याचा क्षय झाला. १९४७ ते १९५५ अशी आठ-नऊ वर्षं ती आजारी होती. त्यातली पहिली काही वर्षं दवाखान्यात गेली, मग घरीच अंथरुणावर. चार भावांतले ते दुसरे. तेव्हा हे कोणी कल्पनेनं रचलेलं दुःख नाही. त्यांनी गोष्ट पहिल्यांदा रचली तेव्हा तिच्यात एकच पोरगी होती. नंतर तिच्या दोन बहिणी केल्या. सात्सुकी हे जपानी पंचांगातल्या पाचव्या महिन्याचं जुनं नाव आणि मेई म्हणजे इंग्रजी मे महिना, म्हणजे दोघींचं नावही एकच. हे मला नंतर भाच्यानं सांगितलं आणि मी विचारात पडले. एकाच पोरीचे दोन भाग केले. एक रडते, हट्ट करते, जमिनीवर लोळते. दुसरी डबे भरते. आपण लोळणारीला उचलून घेतो. डबे भरणारीचं कौतुक करतो आणि आपापल्या कामाला लागतो.

पुढं आई शनिवारी-रविवारी घरी येणार असं ठरतं. पोरी आनंदात. शेजारच्या आजीच्या मळ्यात काकड्या, टमाटे, मक्याची कणसं तोडायला जातात. आजी सांगते की ऊन खाऊन वाढलेली ही भाजी खाल्ली की आईला बरं वाटेल. मेई ते मनात धरते. एक कणीस आईसाठी म्हणून छातीशी घेते. तेवढ्यात तार येते. दवाखान्यातून. दवाखान्याशी बोलून घ्या, एवढाच निरोप. बाप शहरात. सात्सुकी धावत जाऊन दुसऱ्याच्या घरून बापाला फोन लावते. कळतं की आईला सर्दी झाली आहे, या वेळी घरी यायचं नाही.

सर्दीच. पण अर्धी बातमी लेकराच्या मनात पूर्ण होते आणि ती वाईट बाजूनंच पूर्ण होते. मेई हट्ट धरते, आई आलीच पाहिजे. सात्सुकी तिच्यावर ओरडते. जायला नको का, आई मेली तरी चालेल का, अशा अर्थाचं बोलून जाते. इतका वेळ समजदार असलेली पोरगी! आमच्या ओसरीवर एकदम शांतता झाली. मग आजी घरी येते, कपडे गोळा करते, धीर देते. तेव्हा सात्सुकीचा बांध फुटतो. मागच्या वेळीही थोडंसंच आहे असं सांगितलं होतं, ती आजीला म्हणते. आई मेली तर काय करू? आणि तोंड उघडून, लहान लेकरासारखी रडते. लहानच आहे ती. मेई दूर उभी राहून पाहते. ताई रडताना तिनं पाहिलेली नसते.

इथं शेजारची बाई मला म्हणाली, "बंद कर व बाई थे, लेकरांसमोर असं कायले दाखवतं?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्यात एक अकरा वर्षांची पोरगी बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ घेऊन. तिची आई तेव्हा दीड महिन्यापासून नागपूरच्या दवाखान्यात होती. भाच्याचा हात बटणावर गेला. मी पोरीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. तिनं नजर न काढता विचारलं, "मावशी, मंग तिची माय मेली काय?" मी म्हटलं, "नाही मेली. पाह्य पुढं." आणि पिक्चर चालू ठेवला.

मी बरोबर केलं की चूक, यावर दोन दिवस आमच्यात वाद झाला. मला अजून वाटतं की बरोबर केलं. तिथं बंद केला असता तर त्या पोरीच्या मनात सात्सुकी कायमची रडत राहिली असती. दुःखाच्या जागी पिक्चर थांबवायचा नसतो, त्यातून बाहेर येईपर्यंत लेकराजवळ बसायचं असतं. आणि त्या प्रश्नाचं उत्तर तिला त्याच वेळी हवं होतं. ती मेईच्या आईबद्दल विचारत नव्हती, हे काय सांगायला हवं?

पुढची गोष्ट अशी की मेई कणीस घेऊन एकटीच दवाखान्याला निघते. मोठ्या माणसालाही तीन तास चालायची वाट. ताई रडली म्हणून ती निघाली, हे विसरू नका. ती हरवते. गाव शोधायला निघतं. तळ्यात एक लहान चप्पल सापडते. आजी ती हातात धरून बसली आहे, थरथरत, देवाचं नाव घेत. सात्सुकी अनवाणी धावत येते, चप्पल पाहते आणि सांगते, ही मेईची नाही. ते ऐकून आमच्या ओसरीवरच्या बायांनीच सुस्कारा टाकला. ज्यांच्या गावात विहीर आहे, नाला आहे, त्यांना ती चप्पल काय आहे हे कोणी समजावून सांगायची गरज नाही.

मग सात्सुकी तोतोरोकडे जाते. तो मांजर-बस बोलावतो. मेई सापडते ती वाटेवरच्या सहा दगडी मूर्तींजवळ बसलेली. हे जपानमधले लेकरांचे आणि वाटसरूंचे राखणदार देव. आपल्याकडे शिवेवर देव असतात तसेच. बस दोघींना दवाखान्यापर्यंत नेते. त्या झाडाच्या फांदीवर बसून खिडकीतून पाहतात. आत आईबाप बोलत आहेत, हसत आहेत. आईला खरंच सर्दीच झालेली असते. आई म्हणते की दोघी पोरींनी दिसतं त्यापेक्षा जास्त सोसलं आहे. आणि सात्सुकी तर इतकी ऐकणारी, समजूतदार आहे की तिचंच जास्त वाईट वाटतं.

भाच्यानं हे वऱ्हाडीतून सांगितलं आणि माझ्या घशात काहीतरी अडकलं. मी अकरा वर्षांची असताना माझी आई अडीच महिने दवाखान्यात होती. भाऊ पाच वर्षांचा. मी भाकरी थापायची, पाणी भरायची, भावाला आंघोळ घालायची. पाहुणे यायचे, म्हणायचे, मोठी लई समजदार आहे. बाबा म्हणायचे, तिचं काही टेन्शन नाही. एका संध्याकाळी भावानं दहाव्यांदा विचारलं, "माय कधी येईन?" आणि मी त्याला उलथण्यानं मारलं. वळ उठला. तो रडून झोपला. मी चुलीपुढं बसून राहिले. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. शाळेचे त्या वर्षीचे दोन महिनेही माझे असेच गेले, तेही कोणाच्या लक्षात राहिलं नाही. आई बरी होऊन घरी आली, सगळं सुरळीत झालं.

त्या रात्री लेकरं गेल्यावर आई खाटेवरून म्हणाली, "तुले त म्या कधी इचारलंच नाही व." एवढंच म्हणाली आणि कूस वळली. आई आता सत्तरीला आली आहे.

कणीस सांगायचं राहिलं. पिक्चरच्या शेवटी आईबापांना खिडकीच्या कट्ट्यावर मक्याचं एक कणीस दिसतं. त्याच्या सालीवर नखानं ओरखडून लिहिलेलं असतं, ‘आईसाठी’. पोरी आत जात नाहीत, गळ्यात पडत नाहीत. कणीस पोचतं, बस.

आमच्या गल्लीतली ती पोरगी सतरंजी घडी करायला मागं थांबली होती. जाता जाता मला विचारलं, "मावशी, कणसावर खरंच लिहिता येते काय?" मी म्हटलं, हिरव्या सालीवर येते. तेव्हा दिवाळीत कुठलं हिरवं कणीस! पण दुसऱ्या रविवारी तिचे बाबा नागपूरला निघाले तेव्हा तिनं संत्र्यावर पेनानं लिहून पाठवलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

यानंतर आम्ही गटात एक गोष्ट ठरवली. गटातली बाई दवाखान्यात असली की आपण कर्जाचं पाहतो, हप्ता पुढं ढकलतो, पेशंटला भेटायला जातो, धान्य पोचवतो. आता एक बाई फक्त घरातल्या मोठ्या लेकरासाठी जाते. पोरगी असो की पोरगा. धाकट्याला थोडा वेळ आपल्याकडे घेते, मोठीला शाळेत धाडते, तिचे केस विंचरून देते. आणि आईची खरी बातमी सांगते. डॉक्टर काय म्हणाले, कधी फोनवर बोलता येईल, किती दिवस लागतील. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून सांगते, पण ‘उद्या’ म्हणत नाही. आमच्या अनुभवात पोरी पहिल्या दिवशी काही बोलत नाहीत, "मी ठीक आहे मावशी" म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बोलतात, तेही पाठमोऱ्या बसलेल्या असताना, केस विंचरता विंचरता. समोरासमोर बसवून "सांग तुझं दुःख" म्हटलं तर कोणतीच पोरगी सांगणार नाही. आपण तरी सांगतो का?

त्या पोरीची आई आता घरी आली आहे. जड काम करत नाही.

पिक्चर पाहायचा असेल तर थोडी माहिती देते. दीड तासाच्या आतच संपतो. चार-पाच वर्षांच्या लेकरांना जवळ घेऊन बसा, कारण तोतोरो मोठा जबडा उघडून ओरडतो तेव्हा आमच्याकडची दोन लहान पोरं घाबरली होती. भाषा कळत नाही म्हणून सोडू नका. इंग्रजी वाचणारं एखादं कॉलेजचं पोरगं बाजूला बसवा आणि त्याला आपल्या बोलीत सांगू द्या, तीच मजा आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. १६ एप्रिल १९८८ रोजी तोतोरो जपानमध्ये लागला तेव्हा त्याच स्टुडिओचा दुसराही पिक्चर त्याच्या जोडीला लागला होता, ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’, इसाओ ताकाहाता यांचा. तोही काढलेल्या चित्रांचाच आहे आणि त्यातही दोन भावंडं आहेत. पण तो युद्धाचा आणि भुकेचा आहे आणि त्यात दोन्ही लेकरं वाचत नाहीत. चित्रं सारखी दिसतात म्हणून लहानांसमोर लावू नका. आधी आपण एकट्यानं पाहा.

आपल्याकडचंही एक नाव लिहून ठेवा, ‘गोपी गवैया बाघा बजैया’. २०१३ सालचा, हिंदीत आहे, तेव्हा भाषेची अडचण नाही. मुंबईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी तो केला, बालचित्र समितीसाठी. गोष्ट मूळची बंगाली आहे. बेसूर गातो म्हणून एकाला गावानं हाकललं, बेताल ढोल बडवतो म्हणून दुसऱ्याला, आणि दोघं जंगलात एकमेकांना भेटतात. नंतर भुतं त्यांना वर देतात, मग धमालच आहे. पण हाकलून दिलेली दोन माणसं जंगलात भेटतात ते लेकरांना नीट पाहू द्या.

संक्रांतीनंतरच्या मासिक बैठकीला आपण तोतोरो शाळेच्या खोलीत लावणार आहोत, बायांसाठी आणि लेकरांसाठी एकत्र. घरून सतरंजी आणा. आणि पुढच्या भागात गटाच्या वार्षिक हिशोबाकडे वळू, तो सगळ्यांचाच राहिला आहे.